‘हेकल’ : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

सभांचीं इंग्रजी वृत्तें वाचतांना ‘हेकल’ हें क्रियापद विद्यार्थ्यांस आढळतें. वक्ता बोलत असतां श्रोत्यानें मध्येंच प्रश्न टाकून वा टोमणा मारून त्यास अडविणें, हा त्याचा अर्थ. वहींत ‘व्यत्यय आणणें’ एवढें लिहून आपण पुढें जातों. पण तेवढ्यानें मर्म हातीं येत नाहीं. व्यत्ययास इंग्रजींत ‘इंटरप्ट’ हा निराळा शब्द आहेच. तो लॅटिन कुळांतला. ‘इंटर’ म्हणजे मध्यें व ‘रुंपेरे’ म्हणजे तोडणें. आपल्या ‘खंड पाडणें’ यांतही तीच कल्पना आहे.

‘हेकल’ मात्र कारागिराच्या घरचा. आपल्याकडे जवस पेरतात तो तेलासाठीं. युरोपांत त्याच जातीच्या झाडाच्या तंतूंचें लिनन विणतात. झाडें कुजवून कुटल्यावर तंतूंचे झुबके अणकुचीदार दांत बसविलेल्या फळीवरून ओढीत. म्हणजे आखूड चोथा गळे, गुंता सुटे आणि लांब तंतू सरळ होत. त्या दांतेरी फणीचें नांव ‘हेकल’, व त्या विंचरण्याचेंही तेंच.

पुढें स्कॉटलंडांत मतदार पार्लमेंटच्या उमेदवारास भर सभेंत प्रश्नांवर प्रश्न विचारीत, त्यास हें क्रियापद लागलें. डंडी शहरांतील तंतू विंचरणारे कामगार राजकारणांत जहाल म्हणून गाजले होते. एकानें वर्तमानपत्र वाचावें व बाकीच्यांनीं काम करतां करतां वाद घालावा, अशी त्यांची रीत सांगतात. (याच डंडीच्या गिरण्या पुढें बंगालच्या तागावर चालल्या.) तेव्हां उमेदवाराच्या बोलण्यांतला गुंता विंचरून पाहणें हा मूळ भाव, नुसता गोंगाट नव्हे.

सुरतेच्या काँग्रेसचें उदाहरण घ्या. २६ डिसेंबर १९०७ रोजीं सुरेंद्रनाथ बॅनर्जींस आरडाओरडीनें बोलूंच दिलें नाहीं व सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशीं लोकमान्य टिळक उपसूचना मांडण्यास व्यासपीठावर उभे राहिले, तों मंडपांतून जोडा भिरकावला गेला; तो सुरेंद्रनाथांस व फेरोजशहा मेहतांस लागला. टिळकांच्या अंगावर लोक धावूं लागले, तेव्हां त्यांचे प्रतिपक्षी गोखले यांनींच हात पसरून त्यांस आड घेतलें, असें तेथें हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकारानें लिहून ठेविलें आहे. पुण्याचेच दोघे! या प्रकारास कोणी ‘हेकल’ म्हणेल तर तें चुकीचें. तेथें प्रश्न विचारला गेला नाहीं, उत्तरही ऐकलें गेलें नाहीं.

मराठींत ‘उलटतपासणी’ म्हणावें तर कोर्टाचा वास येतो. ‘धारेवर धरणें’ हा प्रयोग मला त्यांतल्या त्यांत जवळचा वाटतो. धार काय, दांते काय, दोन्ही बोचणारींच.