अफू आणि आपला मेंदू

१९७३ साली मेंदूत मॉर्फिन नेमके बसेल अशी जणू कुलपेच सापडली. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी निसर्गाने ती कशाला घडवावीत, असा प्रश्न मला मानसशास्त्राच्या तासाला पडला. उत्तर १९७५ साली अ‍ॅबर्डीनला ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी दिले होते: मेंदू स्वतःच तशी वेदनाशामक द्रव्ये बनवतो. अफू ही केवळ बनावट किल्ली!

रोजच्या सेवनाने शरीर सरावते, मात्रा वाढते. ती तुटली की अंग मोडून येते, जुलाब होतात. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण व्यसन सुटल्यावर हा सरावही ओसरतो, हे फारसे कोणी सांगत नाही. मग पूर्वीचीच मात्रा घेतली तरी श्वास मंदावून माणूस झोपेत दगावू शकतो. नॅलॉक्सोन हे औषध मॉर्फिनला त्या कुलपातून हुसकावते, पण श्वास थांबण्यापूर्वी कोणीतरी जवळ असावे लागते.