उष्णता व हवेची हालचाल : शाळेंतील एका प्रयोगाची आंखणी

शाळेंतील मुलांच्या प्रयोगाचा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटणें साहजिक आहे. परंतु नंदुरबार तालुक्यांतील रनाळ्यासारख्या गांवीं, जेथें उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो व उन्हाळी कांदा त्याच सुमारास चाळींत भरावा लागतो, तेथें उष्णतेनें हवा कशी हालते हा प्रश्न केवळ पुस्तकांतला राहत नाहीं. साध्या साठवणींत पांच-सहा महिन्यांत निम्म्यापर्यंत माल सडून, सुकून व कोंब फुटून जाऊं शकतो. मुलांस विज्ञान-प्रदर्शनासाठीं कांहींतरी करावयाचेंच असतें. पुठ्ठ्याचा ज्वालामुखी रंगवून ठेवण्यापेक्षां त्यांनीं घरच्या चाळीचा प्रयोग करावा, असें आमचें मत आहे.

मूळ तत्त्व सोपें आहे. हवा तापली म्हणजे प्रसरण पावते व हलकी होते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२० किलो भरतें. ४० अंशांस तें १.१३ किलोच्या जवळ येतें. हलकी हवा वर चढते आणि तिच्या जागीं खालून थंड हवा शिरते. एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदानें १६८६ सालीं मोसमी वाऱ्यांचें कारणही याच तत्त्वावरून सांगण्याचा यत्न केला होता.

आतां हें चाळीस लावून पाहूं. काढलेला कांदा निर्जीव नसतो. तो श्वसन करीत असतो व त्यापासून उष्णता आणि ओल निघत असते. ढिगाच्या पोटांतील हवा बाहेरच्या हवेपेक्षां चार अंशांनीं ऊन असली, तर घनमीटरामागें वजनांतील फरक अवघा १५ ग्रॅमांच्या आसपास पडतो. वारा पडलेला असतां एवढ्याशा जोरावरच ती हवा वर निघून जावयाची असते. पावसाच्या झडीसाठीं बाजूस लावलेलें गोणपाट ऊन पडल्यावरही तसेंच राहिलें, किंवा ओटा जमिनीस टेकवूनच बांधला, तर हा अशक्त जोर तेथेंच संपतो. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून तळास फटी ठेवाव्या व ढीग चार-पांच फुटांहून उंच करूं नये असें जें सांगतात, त्याचें कारण हेंच. अमुक करा म्हणून सांगितलेलें आपले लोक ऐकून सोडून देतात. मुलानें घरींच आकडे काढून दाखविले तर बाप ते निदान एकदां वाचील.

प्रयोगास बसण्यापूर्वी प्रश्न नीट मांडला पाहिजे. “चाळ कशी चांगली?” हा प्रयोगाचा प्रश्न नव्हे. “तळास फटी ठेवल्यानें आंतील हवा किती अंशांनीं थंड राहते?” हा प्रश्न मोजतां येतो. उत्तर काय येईल असें वाटतें तें आधींच तारखेसह लिहून ठेवावें. मागाहून लिहिलेल्या अंदाजास किंमत नाहीं.

फळांचीं एकाच मापाचीं तीन लाकडी खोकीं घ्यावीं. झांकणास तिन्हींत सारख्याच फटी असाव्या. पहिल्याचा तळ व बाजू पुठ्ठ्यानें बंद कराव्या, दुसऱ्याच्या फक्त बाजू मोकळ्या ठेवाव्या, तिसऱ्याचा तळही मोकळा ठेवावा. तिन्ही खोकीं विटांवर सारख्याच उंचीवर, एकाच सावलींत, हातभर अंतरानें मांडावीं. मुलें बहुधा येथेंच घसरतात : मोकळें खोकें विटांवर व बंद खोकें जमिनीवर ठेवतात. मग फरक फटींचा कीं उंचीचा, हें ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं.

प्रथम कांद्यावांचून प्रयोग करावा. घट्ट झांकणाच्या सारख्या डब्यांत दोन-दोन लिटर तितकेंच कढत पाणी भरून प्रत्येक खोक्यांत एक डबा ठेवावा, आणि झांकणाखालीं टांगलेल्या तापमापकाचा आकडा दर पांच मिनिटांनीं अर्धा तास टिपावा. असें तीन निरनिराळ्या दिवशीं करून सरासरी काढावी. हवेची दिशा पाहण्यास उदबत्ती पुरते : तळाच्या फटीपाशीं धूर आंत ओढला जातो कीं तेथेंच घुटमळतो, तें लिहावें. वाऱ्याचीं फिरतीं यंत्रें इतक्या मंद हालचालीस दाद देत नाहींत. उदबत्ती कांद्याच्या सुक्या पापुद्र्यांजवळ मात्र कदापि नेऊं नये.

नंतर प्रत्येक खोक्यांत एकाच ढिगांतील, एकसारख्या आकाराचा दहा-दहा किलो कांदा भरावा. सकाळीं सात, दुपारीं दोन व सायंकाळीं सात वाजतां तापमान, आणि दर आठवड्यास वजन व सडलेल्या कांद्यांची संख्या नोंदावी. आम्ही महसूल खात्यांत उभी हयात कारकुनींत घालविली, म्हणून नोंदवहीविषयीं दोन शब्द अधिक बोलतों. चुकलेला आकडा खोडून काढूं नये, त्यावर एक रेघ मारून शेजारीं नवा लिहावा. न पाहिलेला आकडा रिकामाच सोडावा. चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी कशी असते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुलांस तो धडा इतक्या लवकर देऊं नये.

या प्रयोगाची मर्यादाही मुलानें लिहावी. दहा किलो कांद्याची ऊब खोक्याच्या फळ्यांतूनच निघून जाते. शंभर क्विंटलांच्या ढिगांत ती कोंडते. म्हणून खोक्यांवरून चाळीचा निकाल लागत नाहीं, प्रत्यक्ष ढिगांत तापमान पाहावें लागतें. उन्हाळी कांद्यास २५ ते ३० अंश तापमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. याहून बरेंच खालीं, १० ते २० अंशांच्या दरम्यान, कोंब लवकर फुटतात.

येथें वडिलांची मदत लागते. भोंकें पाडलेली पोकळ नळी ढिगाच्या मध्यांत व दुसरी कडेस उभी ठेवावी, आणि दोरीनें तापमापक आंत सोडून दहा मिनिटांनीं वर ओढतांच वाचावा. या नळ्या चाळ भरतांनाच उभ्या कराव्या लागतात. भरलेल्या ढिगांत त्या खुपसूं गेल्यास कांदा फुटतो आणि सड तेथूनच सुरू होते.