बीपीची गोळी स्वस्त, खाडा महाग

यवतमाळच्या लोहाऱ्यात बीपी निघाले की पहिला प्रश्न असतो, आता महिन्याला किती? गोळीपुरते सांगायचे तर फार नाही. जनऔषधी केंद्रात अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आत मिळते, टेल्मिसार्टन ४० ची साधारण पंधराच्या आत. दोन्ही रोज एकेक घ्यायच्या असल्या तरी महिना पाऊणशे रुपयांत निघतो. ब्रँडेड टेल्मिसार्टनच्या एका पट्टीलाच सत्तरच्या आसपास लागतात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा.

सरकारी दवाखान्यात तर तेही लागू नयेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या उपकेंद्र, आरोग्य केंद्र, ग्रामीण व जिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि औषध मोफत आहे. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते. तिथे केस पेपर आणि तपासण्यांचे दर खिडकीवर विचारून घ्या.

खरा खर्च वेगळाच आहे. एमआयडीसीतली पाळी बुडते, ऑटोचे भाडे जाते, रांगेत अर्धा दिवस मोडतो. मग माणूस गोळीच सोडतो. यावरचा उपाय शेजारच्या वर्ध्यात तपासून झाला आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला वर्धा, भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. ठरलेला औषधक्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, घराजवळ तपासणी आणि न आलेल्याला फोन, यांवर त्यात भर होता. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या सुमारे २२ हजार रुग्णांत बीपी आटोक्यात असणारे २६ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास गेले. भारी औषधाने नव्हे, ठरलेल्या औषधक्रमाने आणि खाडा न पडल्याने.

म्हणून आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना (सीएचओ) विचारा: महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतील का? बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, खर्रा नको. पाच मिनिटे पाठ टेकून बसा, हात छातीच्या उंचीवर ठेवा, दोनदा मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून वर वारंवार आले तर ते बीपी. घरी यंत्र घ्यायचेच तर दंडाला बांधायचे घ्या, दीड-दोन हजारांत येते. मनगटाचे घेऊ नका. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, साखर, लघवी तपासा. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही.

बीपीवरच्या संशोधनासाठी कोणी तुमचे नाव नोंदवायला आले तर संमतीपत्र मराठीत वाचून घ्या. त्यात भाग घेण्याचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत, आणि केव्हाही बाहेर पडता येते.

बीपी नीट आले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, छातीत दुखले तर १०८ ला फोन लावा. त्या गाडीचे पैसे लागत नाहीत.