मागून वळणारं यंत्र, समोर लावलेली नजर

मागची चाकं वळणाऱ्या राइडिंग मॉवरवर मोटारीच्या सवयीने बसू नये. हे यंत्र मोटारीपेक्षा लहान, हळू आणि सोपं दिसतं, म्हणूनच माणूस बेसावध राहतो. आता माझ्या हिरवळीवरच्या रेघा सरळ येतात, पण त्या हाताच्या जोरावर येत नाहीत. नजर कुठे ठेवायची आणि यंत्राचा मागचा भाग कुठे जातो, या दोन गोष्टी समजल्यावर त्या यायला लागल्या.

ओहायोत आमच्या घराभोवती जवळपास एक एकर गवत आहे, म्हणजे चाळीस गुंठे. केंटकी ब्लूग्रास आणि टॉल फेस्क्यू या थंड हवेच्या जाती. मे महिन्यात ते इतक्या झपाट्याने वाढतं की आठवडाभर हयगय केली तर पुढची कापणी जड जाते. झाडं, झुडपं बरीच असल्याने पाती असलेला डेक पुढे, इंजिन मागे असा मॉवर घेतला. पुढची चाकं यंत्र ओढतात आणि मागची वळतात. फांद्यांखाली, बाकाखाली डेक सहज जातो, जागच्या जागी वळता येतं. निवड योग्यच होती, पण पहिल्या काही कापण्यांत मागे पाहिलं की गवतावर नागमोडी वाट आणि मधूनमधून न कापलेले पट्टे दिसत.

याचं कारण यंत्राच्या रचनेत आहे. मोटारीत पुढची चाकं वळतात आणि अंग त्यांच्यामागे जातं. इथे स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की आधी मागचा भाग डावीकडे सरकतो आणि त्यामुळे तोंड उजवीकडे होतं. डेक पुढच्या चाकांच्याही पुढे असल्याने तो लगेच बाजूला जातो. ते लक्षात येईपर्यंत यंत्र थोडं पुढे गेलेलं असतं. मग आपण घाईने उलट फिरवतो, ते जास्त होतं, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. शिवाय मोटारीचं स्टिअरिंग वळण संपल्यावर हातातून सैल सोडलं की आपसूक मधोमध येतं. माझ्या मॉवरचं येत नाही. दिलेलं वळण हातानेच परत घ्यावं लागतं, तेही तोंड सरळ होण्याच्या जरा आधीच. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना हे अंगवळणी असतं. आपल्याकडे सोयाबीन आणि गव्हाच्या हंगामात फिरणाऱ्या हार्वेस्टरचीही मागचीच चाकं वळतात.

ही सगळी यंत्रं मुळात हळू चालण्यासाठी आहेत, हे विसरू नये. 1933 मध्ये बकमिन्स्टर फुलर यांनी मागच्या एकाच चाकाने वळणारी डायमॅक्सिअन नावाची तीनचाकी मोटार बनवली. ती स्वतःच्या लांबीएवढ्या जागेत फिरू शकत असे. त्याच वर्षी शिकागोत तिला अपघात होऊन तिचा चालक दगावला. त्या प्रसंगात दुसरी मोटारही गुंतलेली होती, त्यामुळे सगळा दोष रचनेला देता येत नाही, पण वेग वाढला की अशी गाडी सरळ ठेवणं कठीण होतं हे खरंच. 1997 मध्ये नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात ध्वनीचा वेग ओलांडणारी थ्रस्ट एसएससी ही गाडीदेखील मागच्याच चाकांनी वळत होती, आणि तिच्या स्टिअरिंगवर अँडी ग्रीन हे लढाऊ विमानांचे वैमानिक होते. आपण घरची माणसं. ताशी तीन मैल पुरेत.

पहिल्या रेघेवर सगळं अवलंबून असतं. ड्राइव्हवेची सरळ कड मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन खुंट्यांना दोरी बांधून खूण करावी आणि डेक सुरू करण्याआधी दोरी उचलावी, कारण पात्यात दोरी गुंतली तर यंत्रही जातं आणि जवळच्या माणसाला इजाही होते. मग रेघेच्या पलीकडच्या टोकाला एक ठाम वस्तू निवडावी: झाडाचं खोड, कुंपणाचा खांब. नजर तिथे. चाकाकडे किंवा डेकच्या कडेकडे पाहिलं की हात आपोआप लहान लहान दुरुस्त्या करू लागतात आणि रेघ थरथरते. गावाकडे तिफण धरणारे पहिलं तास घालताना समोरच्या बांधावरचं झाड पकडून चालायचे. मला ती आठवण इथे उपयोगी पडली.

पुढच्या रेघांना मात्र शेजारच्या कापलेल्या कडेकडेही अधूनमधून पाहावं लागतं. तीन इंच आधीच्या पट्ट्यावर चढू द्यावं. 42 इंचांच्या डेकने मग 39 इंच कापले जातात, आणि दोनशे फूट रुंद जागेला साठेक रेघा लागतात. ते तीन इंच वाचवायला गेलं की मिशीसारखी गवताची रांग उभी राहते. रेघ बिघडलीच तर जागच्या जागी झटका देऊन सुधारू नये. ती तशीच शेवटपर्यंत न्यावी आणि पुढची रेघ थोडी जास्त चढवून सरळ करून घ्यावी.

बसण्याआधी दोन्ही बाजूंच्या टायरमधली हवा मोजा. एका बाजूला कमी असेल तर यंत्र तिकडे ओढतं, डेकही तिरका होतो, आणि मग दोष आपल्या हाताचा वाटत राहतो. स्टिअरिंगमध्ये खूप मोकळेपणा असेल तर तोही आधी काढून घ्यावा. गवताच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग एका वेळी कापू नये. आमच्याकडे तीन-साडेतीन इंच ठेवतात. उजेड-अंधाराचे जे पट्टे दिसतात, ते पाती कुठे वाकली आहेत त्यावर ठरतात: आपल्यापासून दूर वाकलेली फिकी, आपल्याकडे वाकलेली गडद. दर कापणीला दिशा बदलावी, म्हणजे चाकांच्या खोलगट वाटा पडत नाहीत.

आता मागच्या भागाबद्दल, कारण मला खरी काळजी तिथेच आहे. कुंपणाला लागून जाताना कुंपणापासून दूर वळलं की मागचा भाग कुंपणावर आदळतो. आमच्या लाकडी कुंपणाची एक फळी अशीच मोडली, आणि तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती फळी नव्हती, त्या जागी उभं राहू शकलं असतं असं लेकरू होतं. म्हणून भिंत, कुंपण किंवा झाडापाशी आधी सरळ पुढे निघून यावं, मागचा भाग मोकळा झाला की मगच वळावं. मुलं घरात असावीत, नजरेच्या टप्प्यात असूनही अंगणात नकोत. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोरांना बसवायची रीत आहे. ती इथे आणू नका, मांडीवर तर मुळीच नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या मते राइडिंग मॉवर चालवायला किमान सोळा वर्षं वय हवं.

वळायला जागा मिळावी म्हणून आधी कडेने दोन फेऱ्या कापून घ्या, मग मधल्या रेघा. टोकाला वेग कमी करून डेक उचला, वळा, पुन्हा खूण पकडा आणि मगच डेक खाली घ्या. उताराला रेघा वर-खाली घ्याव्यात, आडव्या नाहीत. पंधरा अंशांपेक्षा तीव्र उतार असेल तर मॉवर तिथे नेऊच नये. उतरताना वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. वळवणारी तीच असल्याने ती घसरली की स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. दव असेल तर उतार दुपारसाठी ठेवा.