मुलीसाठी पहिला स्कोप?

प्रश्न : मुलगी नाशिकला ५० मीटर रायफल नेमबाजी शिकते. स्कोप कोणता घेऊ?

उत्तर : ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धांत रायफलवर स्कोप चालतच नाही. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेही पीप साइटवरच, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरून. तेव्हा पैसे आधी चांगल्या पीप साइटवर घाला.

निव्वळ हौसेसाठी स्कोप हवाच असेल, तर मोठ्या झूमला भुलू नका. पॅरॅलॅक्स ५० मीटरला जुळवता येतो ना, ते पाहा. बऱ्याच साध्या स्कोपमध्ये तो १०० यार्डांना कायमचा बसवलेला असतो. मग डोळा जरा हलला की नेम सरकतो. आणि दहाचं वर्तुळ तर जेमतेम १०.४ मिलिमीटरचं!