खोली घेताना छताकडे आणि जिन्याकडेही पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की यावल, फैजपूर परिसरातील मुले-मुली शिक्षणासाठी जळगाव, नाशिक, पुणे, थेट कोट्यापर्यंत जातात. महाविद्यालयाच्या वसतिगृहात सर्वांनाच जागा मिळत नाही. मग खाजगी वसतिगृह किंवा उंच इमारतीतील भाड्याचा फ्लॅट बघितला जातो. पालक भाडे विचारतात, मेसचे जेवण चाखून बघतात. आग लागली तर आपले मूल खाली कसे येईल, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. म्हणून आज त्याविषयी माहिती घेऊ.

धूर हाच खरा शत्रू

आगीत दगावणाऱ्यांपैकी पुष्कळजण भाजून नव्हे, तर धुराने दगावतात. फोमच्या गाद्या, पडदे, प्लायवूड जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. त्यामुळे मेंदूला व हृदयाला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात आणि शुद्ध हरपते. झोपलेल्या माणसाला तर जाग येण्याआधीच गुंगी चढते. हे सारे काही मिनिटांत घडते. बंब येईपर्यंत इमारतीत असलेली साधनेच उपयोगी पडतात.

छतावरचे तुषार

शेतातील तुषार सिंचन आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. उंच इमारतीतील स्प्रिंकलर हा त्याचाच भाऊ. छतालगत पाण्याने भरलेला नळ असतो व त्याला ठरावीक अंतरावर तोट्या असतात. प्रत्येक तोटीच्या तोंडाशी काचेची लहान कुपी असते. साधारण ६८ अंश सेल्सिअस उष्णतेला ती फुटते व पाणी फवारले जाते. सगळ्या तोट्या एकदम सुरू होतात हा गैरसमज आहे. जिथे उष्णता पोहोचते तेवढीच तोटी उघडते. आग लहान असतानाच दबते, म्हणून धूरही कमी होतो. अर्थात टाकी कोरडी, पंप नादुरुस्त किंवा व्हॉल्व्ह बंद असेल तर ही यंत्रणा केवळ शोभेची.

दोन घटना

सुरत खानदेशला परके नाही. तेथील सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीत २४ मे २०१९ रोजी आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. सुटकेची वाट न उरल्याने अनेकांनी वरून उड्या मारल्या.

अमेरिकेत सेटन हॉल विद्यापीठाच्या सहा मजली वसतिगृहाला १९ जानेवारी २००० रोजी पहाटे आग लागली. ३ विद्यार्थी मरण पावले. तेथे स्प्रिंकलर नव्हते. शिवाय खोट्या गजरांची इतकी सवय झाली होती की खरा गजर वाजला तेव्हा अनेक मुले अंथरुणातच पडून राहिली. त्याच वर्षी न्यू जर्सी राज्याने विद्यार्थी वसतिगृहांत स्प्रिंकलर सक्तीचे केले.

आपल्याकडील कायदा

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर व त्याहून उंच, म्हणजे सुमारे पाच मजली इमारत ‘उंच इमारत’ ठरते. इमारतीची उंची व वापर पाहून कोणती साधने हवीत हे संहिता सांगते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ही साधने बसवणे व चालू ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. साधने चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र त्यांनी दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यात सादर करायचे असते.

अनामत देण्यापूर्वी

१. हे प्रमाणपत्र दाखवा, असे मालकाला स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच नको.
२. छतावर तोट्या व धूरसूचक यंत्र आहे का ते पाहा. तोट्यांवर रंग फासलेला किंवा कपडे वाळत घातलेले नसावेत.
३. जिने किती आहेत ते मोजा व स्वतः उतरून पाहा. जिन्यात सिलिंडर, दुचाकी, भंगार नको.
४. रात्री दरवाजाला बाहेरून कुलूप लावतात का? गच्चीचे दार उघडते का? खिडक्यांना पक्के गज आहेत का?
५. एकाच बोर्डावर इस्त्री, हीटर, शेगडी चालते का तेही बघा.

मुलांना हे शिकवा

गजर वाजला की सामान न घेता बाहेर पडावे. लिफ्ट वापरू नये. धुरातून जाताना जमिनीलगत रांगत जावे, कारण खालची हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. नाकावर ओले कापड धरावे; त्याने काजळी अडते, विषारी वायू मात्र अडत नाही, म्हणून रेंगाळू नये. जिन्यात धूर असेल तर खोलीचे दार लावून फटीत ओली चादर कोंबावी, खिडकीतून हाक द्यावी व १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

धुरात सापडलेल्याला आधी मोकळ्या हवेत आणावे. तो ठीक दिसला तरी रुग्णालयात न्यावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवते; विषारी वायू रक्तात असूनही आकडा चांगला दिसतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये.

मुलगी किंवा मुलगा आधीच बाहेरगावी राहत असेल, तर आज रात्रीच्या फोनवर जेवणाबरोबर एवढेही विचारा : तुमच्या इमारतीला जिने किती, आणि रात्री दाराची किल्ली कोणाजवळ असते?