किल्ली हातात, मगच शेवटचा डीडी

घर विकत घेताना माणसं खोल्या मोजतात, दिशा बघतात, नळ सोडून पाण्याचा जोर बघतात, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून घेतात. त्या घरात आज कोण राहतं, कोणत्या हक्कानं राहतं आणि ते कधी निघणार, एवढं मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर सोडून देतात. त्या शब्दापायी आमच्या घरानं फार सोसलं आहे. पुढे कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पुण्यात कोथरूडच्या जुन्या भागातली ती बैठी बंगली. पुढे मालकांच्या तीन खोल्या, मध्ये अंगण, मागे आणखी दोन खोल्या. मूळ मालक वारलेले, मुलं परदेशी. व्यवहार त्यांचे इथले नातेवाईक मुखत्यारपत्रावर बघत होते. मागच्या खोल्यांत एक वयस्कर जोडपं राहत होतं. काका शिवणकाम करायचे. “ते आपल्यातलेच आहेत. वडिलांनी राहायला दिलं होतं. महिन्याभरात गावी जातील,” असं आम्हाला सांगण्यात आलं. सर्च रिपोर्ट स्वच्छ होता, मालमत्ता पत्रकावर कसला बोजा नव्हता, बँकेनं कर्जही मंजूर केलं. खरेदीखताच्या मसुद्यात नेहमीचं वाक्य होतं, की मिळकतीचा प्रत्यक्ष, मोकळा व शांततामय ताबा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना आज रोजी दिलेला आहे. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अंगठे उमटले, फोटो निघाले, डीडी गेला. मागच्या अंगणात त्या दिवशीही दोरीवर कपडे वाळत होते.

महिना उलटला, मग दिवाळी उलटली. फोन केला की मुखत्यार म्हणत, बोलणं चालू आहे. शेवटी आम्ही दोघं स्वतःच मागच्या दारी गेलो. काकूंनी चहा टाकला. काकांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि दोऱ्यानं बांधलेल्या पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. मूळ मालकांच्या सहीच्या भाडेपावत्या. कागद पिवळे पडलेले, जुन्यांवर वीस पैशांचं रेव्हेन्यू तिकीट. त्याखाली मनीऑर्डरच्या पोचपावत्या होत्या. मालक गेल्यावर मुलांनी भाडं घेणं बंद केलं, तेव्हापासून ते दर महिन्याला पोस्टानं पाठवत होते, आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेलं एकेक पाकीटही त्यांनी जपून ठेवलं होतं. “आम्हाला जायला कुणी सांगितलंच नाही, ताई,” काका म्हणाले. ते खरं बोलत होते. आम्हाला एक सांगितलं होतं, त्यांना काहीच नाही.

त्या डब्याचं कायद्यातलं वजन नंतर कळत गेलं. घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येऊन उभा राहतो. थोडक्यात, खरेदीखत झालं त्या दिवशी आम्ही काकांचे घरमालक झालो होतो. त्याच कायद्याचं कलम ३ आणखी एक गोष्ट सांगतं आणि ती प्रत्येक घर घेणाऱ्यानं पक्की लक्षात ठेवावी: मिळकतीत जो प्रत्यक्ष राहतो आहे, त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला आहे असंच धरलं जातं. ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. आणि सर्च रिपोर्टमध्ये हे दिसत नाही, कारण सर्च म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा शोध. महिन्याच्या महिन्याला तोंडी ठरलेल्या भाड्याची सूची क्रमांक दोनमध्ये नोंद कुठून असणार?

महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. भाडेकरूला उठवण्याची कारणं त्यात मोजून दिली आहेत. स्वतःला राहायला जागा हवी, हे त्यातलं एक. पण कोर्ट तिथेही दोन्ही बाजूंची अडचण तोलून बघतं आणि भाडेकरूचे हाल जास्त होणार असतील तर हुकूम देत नाही. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

इकडे कर्जाचा हप्ता सुरू झाला होता. सासूबाईंसाठी धरलेल्या खोल्या त्या मागच्याच होत्या, म्हणून आम्ही आमचं भाड्याचं घर सोडू शकत नव्हतो. लोकांनी सल्ले दिले: पाणी तोडा, मीटर काढा, चार माणसं पाठवा. हे कुणीही करू नये. जीवनावश्यक सोयी तोडणं हा याच भाडे कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ज्याला जबरदस्तीनं बाहेर काढलं तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. शिवाय दारात उभी राहणारी ती म्हातारी माणसं आमची वैरी नव्हती. त्यांच्या मुलाशी बसून बोललो, त्याच्या घराजवळ जागा शोधून दिली, अनामत आम्ही भरली आणि वर ठरलेली रक्कम दिली. त्यांनी भाडेहक्क सोडल्याचा दस्त नोंदवून दिला. विकणाऱ्यांकडून त्यातला एक रुपया मिळाला नाही. ताबा दिल्याचं आमच्या सहीचं वाक्य त्यांच्या हातात होतं.

म्हणून पहिलं सांगणं त्या वाक्याबद्दल. मसुद्यात ते आपोआप येतं, टंकलेखकाच्या साच्यातच असतं. घर रिकामं झालेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नसेल तर त्यावर सही करू नका. वकील म्हणतील, ही नेहमीची भाषा आहे. भाषा नेहमीची असली तरी पोच तुम्ही देत असता.

क्रम असा ठेवा. आधी साठेखत, नोंदवलेलं. त्यात ताब्याची तारीख घालाच. त्या तारखेला घर रिकामं नसेल तर रोजची किती रक्कम भरायची आणि किती दिवसांनी विसार परत करायचा, तेही लिहा. कोणतीही खोली, माळा, गॅरेज, आउटहाउस वगळलेलं नाही असा स्पष्ट उल्लेख हवा. मग खरेदीखताच्या दिवशी सकाळी घर बघायचं, कपाटं, कुलपं, मागचा दरवाजा सगळं. ते मोकळं असेल तरच कचेरीत जायचं, आणि किल्ली व शेवटचा डीडी एकाच टेबलावर हातात द्यायचे-घ्यायचे. विकणाऱ्यालाही भीती असते, की घर रिकामं केलं आणि गिऱ्हाईक फिरलं तर? ती भीती खोटी नाही. त्यासाठीच नोंदलेलं साठेखत आणि भरीव विसार. कर्ज असेल तर बँकेला आधीच सांगा, की ताबा मिळाल्याशिवाय डीडी द्यायचा नाही.

कित्येकदा मालकच म्हणतात, आमचं नवं घर तयार होईपर्यंत दोन महिने राहू द्या. माणुसकीनं ‘हो’ म्हणावंसं वाटतं, आणि म्हणायलाही हरकत नाही. पण मग खरेदीखतानंतर तुमच्या नावानं लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा आणि टोचेल एवढी रक्कम राखून ठेवा. असा करार संपल्यावरही माणूस बसून राहिला तर भाडे कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतरच्या काळाचं शुल्क दुप्पट लागतं. तिथेही तारखा पडतात, म्हणून राखून ठेवलेला पैसाच खरा उपयोगी.

घर बघायला दलालाशिवाय, कामाच्या दिवशी सकाळी एकदा जाच. वीजबिल कुणाच्या नावावर आहे, दारावर कुणाची पाटी आहे, गॅस कुणाचा, दूध कुणाकडे येतं ते विचारा. बंद खोली दाखवल्याशिवाय पुढे सरकू नका. ‘त्यात फक्त सामान आहे’ म्हणतात, पण सामान कुणाचं? आणि आत राहणाऱ्या माणसाशी स्वतः बोला. नमस्कार करा, कोण, कधीपासून, काही पावती आहे का, जाण्याचं ठरलं आहे का, एवढं विचारा. मी तेव्हा त्या काकांशी पाच मिनिटं बोलले असते तर तो डबा व्यवहाराआधीच दिसला असता.

राहणारा भाडेकरूच असेल असं नाही. वडिलोपार्जित घरात एका भावाचा हिस्सा घेतला तर बाहेरच्या खरेदीदाराला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावावा लागतो. घरात सून किंवा पत्नी राहत असेल आणि तिचा सासरशी वाद चालू असेल तर जास्त जपून पावलं टाका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला राहत्या घराचा हक्क दिला आहे, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते त्यात येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तिचा हक्क खराच आहे. तो डावलून कुणी घर विकू पाहत असेल तर त्या घरापासून लांब राहा.

बँकेच्या लिलावात घर स्वस्त दिसतं तेव्हा वर्तमानपत्रातली नोटीस शेवटपर्यंत वाचा. ‘सांकेतिक ताबा’ लिहिलं असेल तर बँकेनं दारावर फक्त नोटीस लावली आहे, कर्जदार आत राहतो आहे. ‘प्रत्यक्ष ताबा’ असेल तरच बँकेकडे किल्ली आहे. भाडेकरूसह मुद्दाम घर घेणारेही असतात. किंमत त्या हिशेबानं पडली असेल आणि थांबायची तयारी असेल तर तो वेगळा व्यवहार आहे. राहायला घर घेणाऱ्यानं त्यात पडू नये.

किल्ली मिळाली की त्याच दिवशी कुलूप बदला. रिकाम्या खोल्यांचे फोटो काढा. दोन साक्षीदारांच्या सहीची ताबापावती करा आणि तिच्यावर वीजमीटरचं रीडिंग, घरपट्टी व पाणीपट्टी कोणत्या तारखेपर्यंत भरली आहे, सोसायटीचा देखभाल खर्च किती बाकी आहे, हे लिहून घ्या. जुनी थकबाकी घरावर चढलेली असते आणि मागणारा तुमच्या दारात येतो.